श्रीमंत देशांतला लठ्ठपणा श्रीमंतांचा नव्हे

अंगाने भरलेल्या माणसाला आपण सहज ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतो. त्याच हिशेबाने इंग्लंड-अमेरिकेबद्दलही ‘पैसा जास्त झाला, म्हणून सुटलेत’ असं वर्षानुवर्षं ऐकू येतं. खरं चित्र उलटं आहे. इंग्लंडमध्ये दरवर्षी शाळेत मुलांची उंची-वजनं घेतात. २०२२-२३ मध्ये १०-११ वर्षांची, सर्वांत गरीब वस्त्यांतली ३० टक्के मुलं लठ्ठ निघाली. सर्वांत सधन भागांतली १३ टक्के.

मग ‘जिभेवर ताबा नाही’ हे कारण पुढे येतं. तिथल्या कित्येक गरीब घरांत विजेचा मीटर आधी पैसे भरले तरच चालतो. रात्रपाळीहून आलेल्या आईने भाजी शिजत ठेवायची की कोपऱ्यावरून चिप्स आणायच्या, हे मीटरमध्ये उरलेले पौंड ठरवतात. तिला आळशी म्हणणं मला अन्याय वाटतो.

अमेरिकेत १९९४ ते १९९८ दरम्यान पाच शहरांतल्या गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांची सोडत काढली. काहींना बऱ्या वस्तीत राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत मिळाली. आहाराचा सल्ला नाही, व्यायामवर्ग नाही. दहा-पंधरा वर्षांनी त्या घरांतल्या बायकांत तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेह, मदत न मिळालेल्यांपेक्षा कमी आढळला.