शेक कुणाला बाधेल, हे स्कॅनमध्ये आधी दिसेल का?

गर्भाशयमुखाचा कर्करोग बरा होऊन दीड-दोन वर्षं झालेली असतात आणि मग एखाद्या बाईला शौचावाटे रक्त जायला लागतं. कुणाला दिवसातून सहा-सात वेळा संडासला पळावं लागतं, कुणाला लघवी धरवत नाही. कुणाची कंबर उठता-बसता ठणकते आणि तपासणीत त्रिकास्थीला, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडाला, बारीक चीर गेलेली सापडते. कर्करोग परतलेला नसतो. तो मारण्यासाठी दिलेल्या किरणांची, म्हणजे शेकाची, झळ शेजारच्या निरोगी अवयवांना लागलेली असते, आणि ती आता उशिरा वर येत असते.

जागतिक अंदाजानुसार २०२२ साली भारतात या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले. आपल्याकडे निदान बरेचदा उशिरा होतं. गाठ पसरलेली असली की शस्त्रक्रियेऐवजी शेक हाच मुख्य उपचार ठरतो. साधारण पाच आठवडे बाहेरून शेक, सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या कर्करोगाच्या औषधाचं सलाईन आणि शेवटी ब्रॅकीथेरपी, म्हणजे योनिमार्गातून नळ्या बसवून आतून दिलेला शेक. सगळं मिळून गाठीला ८० ते ९० ग्रेइतका (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) डोस पोचवायचा असतो. अडचण जागेची आहे. गर्भाशयमुखाच्या पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, वरून लोंबणारी आतड्याची वेटोळी, आणि सगळ्याभोवती कटीची हाडं. गाठ आणि गुदाशयाची भिंत यांच्यात काही वेळा जेमतेम काही मिलिमीटर अंतर उरतं.

एवढ्या अरुंद जागेत कुणाला किती त्रास होईल, याचा अंदाज डॉक्टर वर्षानुवर्षं एका आकड्यावरून बांधत आले आहेत: अवयवाच्या सर्वाधिक डोस मिळालेल्या २ घन सेंटीमीटर भागाला कमीत कमी किती ग्रे गेले? हा आकडा उपयोगाचा आहे. एमआरआय पाहून ब्रॅकीथेरपी देणाऱ्या ‘एम्ब्रेस’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं, की गुदाशयासाठी तो ६५ ग्रेच्या आत राहिला तर त्रास कमी आणि सौम्य असतो. ७५ च्या पुढे गेला की गंभीर इजांचं प्रमाण वाढतं. पण तो डोस भिंतीवर नेमका कुठे पडला, एका जागी एकवटला की विखुरला, हे त्या आकड्यात उतरत नाही. दोघींचा आकडा सारखा येतो. एकीला काहीच होत नाही, दुसरीला रक्तस्राव होतो.

हीच उणीव भरून काढायचा एक प्रयत्न २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मला तो फार सुंदर वाटतो. संशोधकांनी सीटी स्कॅनवरून गुदाशयाची भिंत संगणकात उभी केली, नळी उभी चिरून सपाट पसरावी तशी ती उलगडली आणि तिच्यावर डोसचा नकाशा रंगवला. मग हे नकाशे एका न्यूरल नेटवर्कपुढे, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीपुढे, ठेवले. ते नेटवर्क आधी लाखो साध्या छायाचित्रांवर शिकलेलं होतं. कडा, ठिपके, डाग ओळखण्याची त्याची तीच नजर इथे कामी आली. नकाशाच्या कोणत्या भागाकडे पाहून यंत्राने ‘हिला त्रास होईल’ असं ठरवलं, हेही दाखवता आलं. मात्र अभ्यासातल्या रुग्ण होत्या फक्त ४२, आणि त्यांतल्या त्रास झालेल्या १२. पद्धत चालू शकते एवढंच यातून कळतं. या बळावर कुणाचा उपचार बदलू नये.

हाडांच्या बाबतीत काम पुढे गेलं आहे. प्रौढ माणसाचा रक्तपेशी तयार करणारा जवळपास निम्मा अस्थिमज्जा कटी आणि कंबरेच्या हाडांत असतो. तो भाजला की पांढऱ्या पेशी घटतात, जंतुसंसर्गाची भीती वाढते, सिस्प्लॅटिनचा आठवडा चुकतो. पण हाडातला सगळाच मज्जा कामाचा नसतो. बराचसा चरबीने भरलेला असतो. किरणोत्सारी साखर टोचून केलेल्या पेट स्कॅनमध्ये काम करणारा मज्जा उजळून दिसतो, त्यामुळे शेकाचा आराखडा तेवढा भाग टाळून आखता येतो. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या चमूने चालवलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ८३ रुग्ण होत्या. पेटच्या आधाराने शेक दिलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के जणींच्या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटल्या. तसा आधार न घेता आयएमआरटी, म्हणजे किरणांची तीव्रता जागेनुसार बदलत दिलेला शेक, मिळालेल्यांत हे प्रमाण २७ टक्के होतं. गट लहान आहेत, तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

हाडाला चीर जाण्याच्या धोक्यासाठी तर बहुधा वेगळा स्कॅनही लागणार नाही. शेकाच्या आखणीसाठी सीटी होतोच आणि त्याच्या राखाडी छटांतून हाड किती विरळ झालं आहे याचा अंदाज येतो. पाळी गेलेल्या बाईचं हाड आधीच ठिसूळ दिसलं, तर त्रिकास्थीवरचा डोस कमी करायचा आणि कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाकडे सुरुवातीपासून लक्ष द्यायचं, हे आजही करता येईल.

अवयव मात्र चित्रातल्यासारखे स्थिर नसतात. मूत्राशय भरलं की गर्भाशय वर सरकतं, रिकामं झालं की खाली येतं. गुदाशयात वायू धरला तरी सगळं हलतं. म्हणून शेकाआधी ठरावीक पाणी पिऊन थांबायला सांगतात. ती सूचना कंटाळवाणी वाटली तरी पाळावी, कारण भरलेलं मूत्राशय आतड्यांना किरणांच्या वाटेतून वर ढकलतं.

चित्राच्या आधाराने शेक दिला तर खरंच फरक पडतो का, याचा भक्कम पुरावा मुंबईतून आला आहे. टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘पार्सर’ चाचणीत शस्त्रक्रियेनंतर शेक लागणाऱ्या ३०० महिला होत्या. निम्म्यांना जुन्या पद्धतीने, निम्म्यांना स्कॅनने जागा पडताळत आयएमआरटीने शेक दिला. तीन वर्षांत आतड्यांचा मध्यम किंवा तीव्र त्रास पहिल्या गटात ४२ टक्क्यांना, दुसऱ्या गटात २१ टक्क्यांना झाला. कर्करोगावरचं नियंत्रण दोन्हींकडे सारखंच राहिलं.

धोका जास्त दिसला म्हणून शेक घ्यायचाच नाही, असा अर्थ कुणी काढू नये. हा कर्करोग उपचाराविना जीव घेतो, आणि शेक रेंगाळून आठ आठवड्यांच्या पुढे गेला तरी तो आटोक्यात राहण्याची शक्यता कमी होते. अंदाजाचा उपयोग आराखडा सुधारायला, डोसची वाटणी बदलायला आणि कुणाला लवकर-लवकर तपासायचं हे ठरवायला.

यंत्र शिकतं ते स्कॅन आणि नंतरची तक्रार यांची जोडी लावून. स्कॅन सर्व्हरवर सुरक्षित असतो. तक्रार मात्र कागदावर येतच नाही. योनिमार्ग आक्रसला, संबंधाच्या वेळी दुखतं, कपड्यांत शौचाचे डाग पडतात, हे पुरुष डॉक्टरपुढे, सोबत मुलगा किंवा जाऊ बसलेली असताना किती जणी बोलतील? नोंद नसली की संगणक त्या बाईला ‘त्रास नाही’ या रकान्यात टाकतो आणि पुढच्या बाईचा अंदाज तिथेच चुकतो. असा अंदाज सांगणारी नवी प्रणाली विकत घेणाऱ्या रुग्णालयांनी त्याच खर्चात एक नर्स नेमावी, जी दर भेटीत बाईला एकटीला बाजूला घेऊन, तिच्या बोलीत, हे प्रश्न नावानिशी विचारील आणि उत्तर लिहून ठेवील.