टोरी–शिवपूर लोहमार्ग

झारखंडच्या लातेहार आणि चतरा जिल्ह्यांतून जाणारा, मुख्यतः कोळसा वाहण्यासाठी बांधलेला रुंदमापी दुहेरी लोहमार्ग. लांबी ४४.३७ किमी. पूर्व मध्य रेल्वेच्या धनबाद विभागात, सोननगर–बरकाकाना मार्गावरच्या टोरी जंक्शनला तो फुटतो आणि बालूमाथ, बुकरू, फुलबसिया करत शिवपूरला पोचतो. उत्तर कर्णपुरा कोळसाक्षेत्रातील मगध आणि आम्रपाली या सेंट्रल कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या उघड्या खाणींसाठी तो आखला गेला.

मार्ग मंजूर झाला १९९९ च्या सुमारास. तेव्हा हा मुलूख बिहारात होता. नोव्हेंबर २००० मध्ये झारखंड वेगळे झाले आणि फाइली नव्या राज्याकडे आल्या. मार्ग सुरू व्हायला २०१८ साल उजाडले. घोडे अडले ते प्रामुख्याने जमिनीपाशी. वाटेत वनजमीन होती. शिवाय सरकारी दप्तरी ‘जंगल-झाडी’ अशी नोंद असलेली जमीन होती. प्रत्यक्षात तिथे झाड असो वा नसो, कागदावरच्या त्या दोन शब्दांमुळे वनखात्याची परवानगी लागते. आदिवासींच्या जमिनींना १९०८ च्या छोटानागपूर कुळवहिवाट कायद्याचे संरक्षण आहे. त्यातच नक्षलग्रस्त भाग, त्यामुळे कंत्राटदारांची यंत्रे जाळण्याचे प्रकारही झाले. (जवळच टंडवा येथे १९९९ मध्येच पायाभरणी झालेल्या १,९८० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच २०२३ मध्ये चालू झाला; तेव्हा या भागात रखडलेला हा एकटाच प्रकल्प नव्हे.)

रूळ नसले तरी खाणीतला कोळसा बाहेर पडतच होता. तो हायवा-डंपरांतून गावांच्या रस्त्यांनी रेल्वेच्या साइडिंगपर्यंत, म्हणजे मालगाडी भरण्याच्या बाजूच्या रुळापर्यंत, जाई. विलंबाची खरी किंमत या रस्त्याकडेच्या गावांनी मोजली: अंगणात, पिकावर, विहिरीच्या काठावर काळी धूळ, आणि रात्रंदिवस अवजड वाहनांची ये-जा. हिशेब साधा आहे. एका मालगाडीत सुमारे चार हजार टन कोळसा मावतो. वीस-पंचवीस टनांच्या डंपरने तोच हलवायचा तर दीडशे ते दोनशे खेपा होतात.

कोळशाच्या रेकमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या वाघिणींच्या अख्ख्या माळेत, साधारण ५८ वाघिणी असतात. ‘बॉक्सएनएचएल’ या उघड्या जातीची वाघीण स्वतः वीस टनांच्या आसपास आणि आतला माल सुमारे ७१ टन, म्हणजे भरलेली गाडी पाच हजार टनांच्या वर जाते. इंजिन धरून लांबी साडेसहाशे मीटरांच्या वर. अशी गाडी उभी असताना हलते कशी, हे फाटकाशी अडकलेल्या माणसाने पाहावे. आधी कपलिंगांमधली ढिलाई एकेक करून निघते, खडाखड आवाज इंजिनापासून ब्रेकव्हॅनकडे धावत जातो, आणि इंजिन थोडे पुढे सरकले तरी शेवटची वाघीण अजून जागेवरच असते. थांबवणेही तितकेच वेळखाऊ. थांबल्यावर पुन्हा निघण्यासाठी ब्रेक सोडायचे तर ब्रेकच्या नळीतला हवेचा दाब शेवटच्या वाघिणीपर्यंत पुन्हा भरावा लागतो, त्याला काही मिनिटे जातात. म्हणून एका सिग्नलला अडलेली कोळसागाडी मागच्या अनेकींचे वेळापत्रक बिघडवते.

भरलेल्या गाड्यांइतकाच प्रश्न रिकाम्यांचा. रेक वेळेवर आला नाही तर साइडिंगवर ढीग वाढतात, आणि फार दिवस पडलेला कोळसा आतून तापून धुमसू लागतो. रिकाम्या वाघिणी लवकर पोचाव्यात म्हणून ७ ऑगस्ट २०२५ रोजी सहा रिकामे रेक जोडून ‘रुद्रास्त्र’ ही साडेचार किलोमीटर लांबीची गाडी उत्तर प्रदेशातील गंजख्वाजाहून गढवा रोडपर्यंत नेण्यात आली. तिला ३५४ वाघिणी आणि सात इंजिने होती. गढवा रोड हे टोरीच्याच मार्गावरचे स्थानक.

लोहमार्गाने डंपर संपवले नाहीत, त्यांची वाट आखूड केली. खाणीच्या तोंडापासून साइडिंगपर्यंतचा टप्पा रस्त्यानेच होत राहिला आणि धूळ फुलबसिया-शिवपूरच्या आसपास एकवटली. शिवपूरहून कोडरमा–बरकाकाना मार्गावरच्या कठौतियापर्यंतचा सुमारे ४९ किमीचा पुढचा भाग झारखंड सेंट्रल रेल्वे या वेगळ्या कंपनीकडे दिलेला आहे. त्यामुळे कोळशाला कोडरमाच्या बाजूने दुसरी वाट मिळेल.