भीती वाटते म्हणून टाळतो, की टाळतो म्हणून भीती वाटते?

माझी एक मावशी ठाण्याला सातव्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट वापरत नाही. काही वर्षांपूर्वी लाईट गेली तेव्हा एका बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये अडकली होती, आत मिट्ट काळोख, थोड्या वेळाने वॉचमनने दार उघडून बाहेर काढलं, झालं काहीच नाही. पण तेव्हापासून भाजीची पिशवी घेऊन, मध्ये दोनदा टेकत, सात मजले चढते आणि कोणी विचारलं की म्हणते "तेवढाच व्यायाम". डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी जिने कमी करा सांगितलंय ते वेगळंच.

आता मावशीला जिन्याची हौस आहे अशातला भाग नाही. लिफ्टसमोर उभं राहिलं की छातीत धडधडतं आणि जिन्याकडे वळलं की हुश्श होतं. सगळी गोची त्या हुश्शमध्ये आहे. मावरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये हे नीट मांडलं होतं: आधी एखाद्या गोष्टीशी भीती जोडली जाते, आणि मग ती गोष्ट टाळल्यावर जो आराम मिळतो तोच बक्षिसासारखा काम करतो, त्यामुळे टाळायची सवय घट्ट होत जाते. शिवाय लिफ्टमध्ये गेलंच नाही तर "गेलो तरी काही होत नाही" हे मेंदूला कळणार कधी? म्हणजे भीतीमुळे टाळणं आणि टाळण्यामुळे भीती, दोघं एकमेकांना पोसतात.

आणि टाळणं कधी कधी जिवावर बेततं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत बऱ्याच लोकांनी विमानाचा धसका घेतला आणि लांबचे प्रवास गाडीने केले. गर्ड गिगरेन्झर या जर्मन संशोधकाने नंतर हिशोब मांडला, तर त्यानंतरच्या वर्षभरात रस्ते अपघातांत नेहमीपेक्षा सुमारे दीड हजार जास्त माणसं गेली असावीत असा त्याचा अंदाज निघाला. विमान टाळून जास्त धोक्याचा रस्ता पकडला, कारण गाडीत आपल्या हातात स्टिअरिंग असतं ना!

मेंदूत नक्की काय होतं म्हणाल तर कानशिलाच्या आत खोलवर दोन्ही बाजूंना अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे. धोक्याची खबर तिथे पटकन पोचते, आपल्याला "अरे हे काय" असं कळायच्या आधीच, आणि मग ॲड्रेनलिन हे शरीराला सावध करणारं हार्मोन सुटतं, हृदय जोरात धडधडतं, तळवे घामेजतात, तोंडाला कोरड पडते. मेंदूचे अमेरिकन संशोधक जोसेफ लेडू यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून हे मार्ग शोधले. पण अमिग्डाला म्हणजे भीतीचं केंद्र असं जे सगळीकडे छापून येतं ते खुद्द लेडूंनाच पटत नाही. ते म्हणतात ती यंत्रणा धोका ओळखून शरीराला कामाला लावते, "मला भीती वाटतेय" ही जाणीव तयार व्हायला मेंदूचे इतर भागही लागतात.

याचा एक भन्नाट पुरावा आहे. अमेरिकेत एक बाई आहेत, संशोधनात त्यांना एस. एम. एवढंच म्हणतात. एका दुर्मिळ आजाराने त्यांच्या दोन्ही बाजूंच्या अमिग्डाला निकामी झाल्या. संशोधक त्यांना प्राण्यांच्या दुकानात घेऊन गेले, तर त्यांनी साप हातात घेतला आणि हात लावून लावून बघत बसल्या. भुताच्या हवेलीत नेलं तर इतरांच्या पुढे चालल्या. सगळ्यांना वाटलं या बाईंना भीती नावाचा प्रकारच नाही. मग २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एक श्वास घ्यायला दिली आणि त्या पॅनिक झाल्या, मास्क ओढायला लागल्या. म्हणजे बाहेरच्या धोक्याची भीती नव्हती, पण आतून गुदमरल्यासारखं झालं तेव्हा अमिग्डाला नसतानाही घाबरल्या.

बरं, भीती शिकायला स्वतः अडकायची पण गरज नसते. मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅबमध्ये वाढलेली माकडं घेतली, त्यांना सापाचं काहीच वाटत नव्हतं. मग त्यांना सापाला घाबरणारी दुसरी माकडं दाखवली, आणि थोड्याच वेळात हीसुद्धा सापाला घाबरायला लागली. नंतर व्हिडिओत काटछाट करून असं दाखवलं की माकड फुलाला घाबरतंय, तर तेवढ्याने फुलाची भीती काही बसली नाही. म्हणजे काही भीत्यांसाठी मेंदूत आधीच जागा करून ठेवलेली असावी. घरात झुरळ निघाल्यावर आई पलंगावर चढून किंचाळत असेल तर पोरगं काय शिकणार ते सांगायला नको.

शिकलेली भीती घालवता येते हे जवळपास शंभर वर्षं माहीत आहे. १९२० मध्ये वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी एका बाळाला पांढरा उंदीर दाखवून बाळाच्या मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारला, असं बऱ्याचदा केल्यावर बाळ उंदीर दिसला तरी रडायला लागलं. (आज कुठलीही एथिक्स कमिटी यांना दारात उभं करणार नाही.) ती भीती त्यांनी काढलीच नाही. पण १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला खाऊ देत देत ससा रोज थोडा जवळ आणला, शेवटी पोरगं सशाला कुरवाळायला लागलं. आजची एक्सपोजर थेरपी, म्हणजे भीतीच्या गोष्टीला थोडं थोडं सामोरं जायचा उपचार, याच रस्त्याने पुढे आली.

फक्त एक गोष्ट लोकांना माहीत नसते, मेंदू जुनी भीती पुसत नाही. "लिफ्ट म्हणजे धोका" ही आठवण तशीच राहते आणि "लिफ्टने गेलो, काही झालं नाही" अशी नवीन आठवण तयार होते, कपाळामागचा भाग ती वापरून अमिग्डालाला गप्प बसवतो. भिंतीचा जुना रंग न खरवडता वर नवीन हात मारावा तसं, जोरदार पावसाळा गेला की पोपडे निघतात आणि खालचा रंग दिसतो. बरेच दिवस सराव नसला, टेन्शन आलं किंवा जागा बदलली की भीती परत डोकं वर काढते. मार्क बाउटन या मानसशास्त्रज्ञाने तर दाखवून दिलंय की भीती एका ठिकाणी गेली म्हणून दुसऱ्या ठिकाणीही गेली असं होत नाही.

म्हणून मावसबहीण शेवटी मावशीला ज्या समुपदेशक ताईंकडे घेऊन गेली त्यांनी फक्त मावशीच्या बिल्डिंगच्या लिफ्टवर भागवलं नाही. आधी दार उघडं ठेवून नुसतं आत उभं राहायचं, मग एक मजला, मग मॉलची काचेची लिफ्ट, मग हॉस्पिटलची ती स्ट्रेचरवाली, आणि सगळ्यात शेवटी गिरगावात एका नातेवाईकांकडची जुनी, जाळीच्या दाराची, जी सुरू होताना असा काही हिसका देते की मलाच घाम फुटतो. दरवेळी आत जायच्या आधी वहीत लिहायचं, "आता काय होईल असं वाटतंय?" मावशीने लिहिलं, "श्वास बंद पडेल." बाहेर आल्यावर लिहायचं, खरंच काय झालं. आता भीती शून्य होईपर्यंत थांबायची गरज नाही, आपला अंदाज चुकला हे मेंदूला दिसलं पाहिजे, बास.

ताईंनी अजून एक गोष्ट बंद केली, ती मावशीला अजिबात आवडली नाही. मावशी आत शिरली की डोळे मिटून रामरक्षा म्हणायची आणि मुलीचा हात गच्च धरायची. रामरक्षा वाईट नाही हो, पण मग मेंदू म्हणतो वाचलो ते हात धरला म्हणून, आणि लिफ्टला काही क्रेडिट मिळत नाही. आता रामरक्षा संध्याकाळी देवासमोर होते आणि लिफ्टमध्ये मावशी मजल्यांचे आकडे बघते. गिरगावच्या लिफ्टला मात्र अजून शिव्या घालते, आणि त्यात तिची चूक आहे असं मला वाटत नाही.

हे सगळं स्वतःच्या बळावर जमेलच असं नाही, भीतीमुळे नोकरी, शिक्षण, औषधोपचार अडत असतील तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा, सरकारची टेली मानस ही १४४१६ नंबरची फुकट हेल्पलाईनही आहे.

आणि रक्त किंवा सुई बघून ज्यांना चक्कर येते त्यांच्यासाठी वेगळं. इतर भीतीत बीपी वाढतं, इथे आधी वाढून मग धाडकन खाली येतं, म्हणून माणूस आडवा होतो. अशा माणसाला "रिलॅक्स हो, अंग सैल सोड" हा सल्ला देणं म्हणजे उलटाच कारभार. लार्स-योरान ऑस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने यासाठी साधी युक्ती बसवली: हात, पाय, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत आवळायचे, मग नेहमीइतके सोडायचे, वीस-तीस सेकंद थांबून परत तेच. त्याने बीपी टिकून राहतं. सुई ज्या दंडात जाणार तो तेवढा सैल ठेवा, बाकीचं अंग आवळा, आणि नर्सला आधीच सांगा की मला चक्कर येते, म्हणजे त्या खुर्चीऐवजी बेडवर झोपवूनच टोचतील.