चहाची जास्वंद वेगळी, केसांची वेगळी

बाजारात हिबिस्कस टी म्हणून जे लालचुटूक पाकीट मिळतं ना, त्यात बहुतेक वेळा आपल्या अंगणातली, गणपतीला वाहतो ती जास्वंद नसतेच. ती असते लाल अंबाडी, जिच्या पाल्याची आंबट भाजी विदर्भ-मराठवाड्यात कण्या घालून करतात. आणि त्यात पाकळ्याही नसतात, फूल गळल्यावर बोंडाभोवती जी जाडसर लाल आवरणं उरतात ती वाळवलेली असतात. इजिप्त-सुदानमध्ये हेच करकडे म्हणून पितात. दोन्ही झाडं एकाच घराण्यातली, पण लोक एकीवरच्या रिसर्चवर दुसरीची पावडर खपवतात त्याचा मला राग येतो.

बीपीचंच घ्या. 2010 साली अमेरिकेत छापून आलेल्या अभ्यासात 65 जणांपैकी काहींना रोज तीन कप हा चहा सहा आठवडे दिला, त्यांचं वरचं बीपी सरासरी 7.2 अंकांनी उतरलं, नुसतं तसंच दिसणारं पेय पिणाऱ्यांचं 1.3 ने. छान आहे, पण तो चहा अंबाडीचा होता आणि ही माणसं बीपीची गोळी घेत नव्हती. गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बायकांनी दोन्ही टाळलेले बरे.

मग जास्वंदीचा चहा होत नाही का? होतो की. वाळलेल्या पाकळ्यांवर उकळतं पाणी ओतलं की जांभळट रंग उतरतो, चव मात्र अगदीच सौम्य, आंबटपणा नाहीच म्हटलं तरी चालेल. लिंबू पिळलं की लगेच गुलाबी होतो, कारण रंग देणारं अँथोसायनिन आम्लात लालसर आणि अल्कलीत हिरवट होतं, शाळेत दर्शक म्हणून हेच फूल वापरतात. हे द्रव्य ऊन आणि उष्णतेनं खराब होतं म्हणून फुलं सावलीतच वाळवायची, मधला परागांचा दांडा काढून, पाकळी चुरचुरीत होईपर्यंत, ओल राहिली तर बुरशी आलीच. विकतची फुलं चहाला नकोत, या झाडावर पिठ्या ढेकूण फार पडतो, त्यामुळे कुणी काय फवारलंय सांगता येत नाही.

आता केस. जास्वंदीच्या पाना-फुलांत बुळबुळीत चिकट द्रव असतो, तो केसावर पातळ थर धरतो आणि केस मऊ, सुटसुटीत होतात, म्हणजे कंडिशनरचंच काम. पण हा चिकट द्रव पाण्यात उतरतो, तेलात नाही. लाल रंगही तेलात उतरत नाही, त्यामुळे जास्वंदीचं तेल लालभडक दिसलं तर त्यात रतनजोत किंवा वेगळा रंग घातलाय असं समजा. तेलच करायचं असेल तर वाळलेली फुलं बरी, ओल्या फुलांतलं पाणी आटवत बसावं लागत नाही.

केस वाढतात का, यावर 2003 चा एक भारतीय प्रयोग सगळे सांगतात. तो उंदरांवर होता, त्यांची कातडी भादरून 30 दिवस अर्क लावला, आणि गंमत म्हणजे फुलापेक्षा पानाचा अर्क सरस ठरला! शिवाय अर्क पेट्रोलियम ईथरमध्ये (तेलासारखाच पाण्यात न मिसळणारा द्रव) काढलेला, म्हणजे त्यात तो बुळबुळीतपणा नव्हताच. माणसाच्या टकलावर यातून काही सिद्ध होत नाही. केस मऊ हवेत एवढंच असेल तर मूठभर पानं पाण्यात कुस्करा, तो बुळबुळीत रस गाळून केसांना लावा आणि थोड्या वेळानं धुऊन टाका. गाळायला मात्र विसरू नका, नाहीतर दोन दिवस कंगव्यातून हिरवा चुरा निघत राहतो.