लॅन कार्ड, त्याचा कायमचा पत्ता आणि मॅक बाइंडिंग : पार्श्वभूमी

नवा संगणक जुळवताना लॅन कार्ड (संगणकाला तारेच्या जाळ्याशी जोडणारा भाग) वेगळे घ्यावे लागते का, याचे उत्तर आज बहुतेकांसाठी ‘नाही’ असेच आहे. मदरबोर्डवर लॅनचा पोर्ट असतो, लॅपटॉपमध्ये वायफाय असते. पण 2000 नंतरच्या सात-आठ वर्षांत मुंबई, ठाणे, पुणे परिसरात ज्यांनी केबलवाल्याकडून नेट घेतले, त्यांचा या कार्डाशी आलेला संबंध नुसत्या जोडणीपुरता नव्हता. अनेक ठिकाणी कार्ड बदलले की नेट बंद पडायचे. कार्डाच्या चिपमध्ये कायमचा पत्ता, म्हणजेच मॅक, भरण्याचा जुना निर्णय त्यामागे होता.

लॅनमधले संगणक तारेने जोडण्याच्या पद्धतीचा, म्हणजे इथरनेटचा, जन्म 1973 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका संशोधनशाळेत झाला. तेव्हाचा वेग सेकंदाला 2.94 मेगाबिट होता आणि यंत्राचा पत्ता अवघ्या 8 बिटांचा. एका जाळ्यात 256 हून जास्त पत्ते मावतच नसत. एका संस्थेच्या आवारात तेवढे पुरे होते, कारण कोणाला कोणता आकडा दिला हे लिहून ठेवणारा माणूस तिथेच बसलेला असे. 1980 मध्ये तीन कंपन्यांनी मिळून 10 मेगाबिटचे विनिर्देश प्रसिद्ध केले आणि पत्ता थेट 48 बिटांचा केला. 48 बिटांत सुमारे 281 लाख कोटी आकडे बसतात. पहिले 24 बिट उत्पादकाला वाटून द्यायचे आणि उरलेल्या 24 बिटांत त्याने प्रत्येक कार्डाला वेगळा आकडा द्यायचा, अशी रचना ठरली.

हा निर्णय बिनविरोध नव्हता. तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे फ्रेमवर, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. म्हणजे सर्वांत लहान, 64 बाइटच्या फ्रेममधले 12 बाइट पत्त्यांतच खर्च होतात. कार्यालयातल्या वीस-पंचवीस यंत्रांसाठी एवढा लांब पत्ता कशाला, हा आक्षेप रास्त होता. पुढे इथरनेटचे अधिकृत मानक तयार झाले तेव्हा त्यात 16 बिटांच्या पत्त्याचीही मुभा ठेवावी लागली, ती बहुधा याच ओढाताणीतून. बाजाराने ती मुभा जवळपास वापरलीच नाही. कार्ड खोक्यातून काढा, लावा, आकडा कोणाला विचारायला नको, ही सोय एवढी मोठी होती की लांब पत्त्याचा खर्च कोणाला जाणवला नाही. माझ्या मते तो निर्णय बरोबरच होता. मात्र हा पत्ता फ्रेम योग्य कार्डापर्यंत पोहोचावी यासाठी होता. तो माणसाची किंवा ग्राहकाची ओळख म्हणून वापरला जाईल, याचा त्या रचनेत विचार नव्हता.

मधला काळ थोडक्यात सांगतो. पिवळी जाड कोअ‍ॅक्स केबल, मग पातळ कोअ‍ॅक्स, तिचे टी-जोड आणि दोन्ही टोकांचे टर्मिनेटर (टोक बंद करणारी बुचे). एक टर्मिनेटर सैल झाला की अख्ख्या ओळीतले संगणक बंद. 1990 मध्ये पिळाच्या तारेवरचे 10 मेगाबिटचे मानक आले आणि 1995 मध्ये 100 मेगाबिटचे. एनई2000 या कार्डाच्या नकला इतक्या झाल्या की ‘एनई2000 कम्पॅटिबल’ हाच कार्डांचा प्रकार होऊन बसला. आपल्याकडच्या महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळांत हीच कार्डे कार्डावरचे छोटे जोड (जंपर) हलवून, संगणकातला आयआरक्यू हा आकडा जुळवून बसवली जात. घराशी त्यांचा संबंध नव्हता. 15 ऑगस्ट 1995 ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते टेलिफोनच्या लाइनवरून, आणि डायल-अपला मोडेम लागायचा, लॅन कार्ड नाही.

लॅन कार्ड घरात आणले ते केबलवाल्याने. टीव्हीच्या केबलसाठी गच्च्यांवरून तारा टाकण्याची त्याची व्यवस्था आधीच होती. त्याच वाटेने त्याने कॅट-5 तार (पिळाच्या तारेचाच प्रकार) ओढली. ही तार एका दमात 100 मीटरपर्यंतच चालते, म्हणून दर काही इमारतींमागे गच्चीवर किंवा जिन्यात पत्र्याच्या पेटीत एक साधा आठ किंवा सोळा पोर्टचा स्विच, म्हणजे अनेक तारा एकत्र जोडणारी पेटी. त्याची वीज त्याच इमारतीतून घेतलेली. लोडशेडिंगच्या काळात आपल्या घरी दिवे असूनही नेट नसायचे, कारण मधल्या इमारतीची वीज गेलेली असे. ग्राहकाकडे नेटचा माणूस यायचा, कॅबिनेट उघडून पीसीआय कार्ड बसवायचा, जॅक क्रिम्प करायचा आणि निघण्याआधी काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग लिहून ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ वहीत उतरवून घ्यायचा. आरटीएल8139 चिपची कार्डे तेव्हा सर्रास असत. काही शे रुपयांत मिळायची आणि विंडोज एक्सपीला त्यांचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) वेगळा द्यावा लागत नसे.

वहीत उतरवलेला तो बारा अक्षरी आकडा म्हणजे मॅक बाइंडिंगची सुरुवात. केबलवाल्याच्या सर्व्हरवर ग्राहकाचा आयपी (जाळ्यात त्याला दिलेला आकडी पत्ता) आणि कार्डाचा मॅक यांची जोडी बांधली जाई. जोडी जुळली नाही तर पान उघडत नसे. केबलवाल्याची बाजूही समजून घ्यायला हवी. अख्खी गल्ली एकाच साध्या स्विचवर, मध्ये कसलेही कुलूप नाही. शेजाऱ्याचा आयपी टाकून फुकट नेट चालवणे किंवा एका जोडणीवर घरात दोन संगणक लावणे त्याला परवडणारे नव्हते, आणि महाग यंत्रणा घेण्याएवढी बहुतेकांची कमाई नव्हती. मॅक बांधणे फुकट होते.

तरीही ही पद्धत चुकीचीच होती, असे मला ठामपणे वाटते. विंडोजमध्ये कार्डाच्या गुणधर्मांत जाऊन दुसरा मॅक टाकता येत असे, कारण चिपमधला पत्ता सुरू होताना ड्रायव्हर वाचतो आणि पुढे फ्रेमवर काय लिहायचे ते ड्रायव्हरच ठरवतो. ज्याला नेट चोरायचे त्याला ही युक्ती ठाऊक होती. अडायचा तो प्रामाणिक ग्राहक. त्यात पावसाळा. दोन इमारतींमधून उघड्यावर गेलेल्या तांब्याच्या तारेत वीज कडाडली की दाब उसळतो. लॅनच्या पोर्टला 1500 व्होल्टपर्यंतचे विलगीकरण असते, त्यापलीकडे चिप जळते. जून-जुलैत कार्ड जाणे नेहमीचेच. नवे कार्ड आणून लावले तरी जोडी जुळेना, मग केबलवाल्याला फोन करून ‘मॅक रीसेट करा’ म्हणून विनवायचे. शनिवारी संध्याकाळी कार्ड गेले तर सोमवारपर्यंत वाट पाहण्याची वेळ अनेकांवर आली. पैसे भरलेला ग्राहक आपल्याच सुट्या भागाने बांधला गेला, आणि त्याला कारणही कोणी नीट सांगत नसे.

यातून सुटका झाली ती तीन दिशांनी. राउटर घरोघरी आले आणि त्यांत ‘मॅक क्लोन’चा पर्याय होता, जुन्या कार्डाचा आकडा राउटरला दिला की मागे किती यंत्रे आहेत हे बाहेर दिसत नसे. लॅन मदरबोर्डवर आले, त्यामुळे सुटे कार्ड घेणेच कमी झाले. आणि 2005 पासून टेलिफोनच्या लाइनवरचे ब्रॉडबँड पसरले, त्यात नाव आणि पासवर्ड टाकून जोडणी होई. केबलवालेही हळूहळू लॉगिनकडे वळले.

48 बिटांच्या पत्त्यात एक बिट ‘हा आकडा उत्पादकाचा नाही, इथेच ठरवलेला आहे’ असे सांगण्यासाठी राखलेला असतो. बरीच वर्षे घरगुती वापरात त्याकडे कोणी पाहिले नाही. 2019-20 पासून फोनच्या प्रणालींनी त्याचा वापर सुरू केला. फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला मॅक दाखवतो. पत्त्याचे दुसरे अक्षर 2, 6, ए किंवा ई असेल तर तो असा पत्ता समजावा. दुकाने आणि विमानतळ फोनच्या कायमच्या पत्त्यावरून माणसाचा माग काढू शकत होते, त्याला यामुळे आळा बसला. ज्या सोसायट्या आणि वसतिगृहे अजून मॅक नोंदवून वायफाय देतात, तिथे मात्र फोन अधूनमधून अडतो. तेव्हा त्या वायफायपुरता ‘रँडम मॅक’ बंद करावा लागतो.

आता वेगळे कार्ड लागते ते ठरावीक प्रसंगी. मदरबोर्डवरचा पोर्ट जळला असेल तर बोर्ड बदलण्याऐवजी स्वस्तातले गिगाबिट कार्ड पुरते. पातळ लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबी-लॅन अडॅप्टर, जे खरे तर बाहेरून लावलेले कार्डच आहे. घरात फाइल साठवण्याचा सर्व्हर असेल तर 2016 च्या मानकातले 2.5 गिगाबिटचे कार्ड उपयोगी पडते, कारण ते बहुधा जुन्याच कॅट-5ई तारेवर चालते. मात्र मधला स्विच आणि समोरचे यंत्रही त्या वेगाचे हवे. 100 किंवा 200 मेगाबिटची जोडणी असलेल्याने नुसते नेट वेगवान होईल म्हणून ते घेऊ नये, काही फरक पडत नाही. कार्ड बदलल्यावर सेवा देणाऱ्याला कळवायची गरजही सहसा उरलेली नाही. फायबरच्या जोडणीत ओळख पटते ती घरातल्या ओएनटी पेटीची (फायबरची तार जिथे येऊन जोडली जाते ती) आणि लॉगिनची. राउटर बदलताना मात्र एकदा विचारून घ्यावे, कारण काही लहान सेवादार राउटरचा मॅक अजूनही बांधून ठेवतात.