फळझाडांच्या बहराचे हिमतुषारापासून संरक्षण

सफरचंद, जर्दाळू, चेरी, नासपती इ. पानझडी फळझाडे वसंतात फुलावर असताना रात्रीचे तापमान गोठणबिंदूखाली गेल्यास बहर वाचविण्यासाठी योजतात ते उपाय. सुप्त कळी कडाक्याची थंडी सोसते. उमलताना ही सहनशक्ती झपाट्याने घटते. पूर्ण बहरातील सफरचंदाची सु. १०% फुले −२.२° से. तापमानात अर्ध्या तासात मरतात, तर −३.९° से. ला सु. ९०%. पाकळ्या टवटवीत दिसल्या, तरी फूल उभे चिरल्यास आतला अंडाशय काळपट पडलेला आढळतो. जर्दाळू लवकर फुलत असल्याने त्याला धोका अधिक. एप्रिल २०२५ मध्ये तुर्कस्तानातील मालात्या भागात त्याची मोठी हानी झाली.

यांपैकी एक जुना उपाय म्हणजे बागेत धूर करणे; या प्रथेचा उगम निश्चित सांगता येत नाही. इ. स. पहिल्या शतकातील रोमन लेखक कॉल्युमेला आणि थोरला प्लिनी या दोघांच्या लेखनात द्राक्षमळ्यात भुशाचे वा काडीकचऱ्याचे ढीग पेटविण्याचा उपाय आला आहे. मात्र हा उपाय थंडीवरचा की तांबेऱ्यासारख्या रोगावरचा, असा प्रश्न पडतो. कारण कॉल्युमेला तो तांबेऱ्याच्याच संदर्भात देतो आणि रोममध्ये या रोगाच्या देवतेचा उत्सवही २५ एप्रिलला, म्हणजे ऐन धोक्याच्या काळात होई. तथापि ढीग वसंतात रचून ठेवावेत व अवेळी थंडी जाणवताच पेटवावेत, असे तो स्पष्ट सांगतो. पिके करपण्यास ऊन नव्हे, थंडीच कारण, असे प्लिनीचेही मत होते. त्यामुळे हा उपाय मुळात थंडीवरचाच असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. रोग आणि थंडीचा चट्टा यांत तेव्हा काटेकोर भेद केला जात नसावा.

धुराचे पांघरूण बागेला ऊब देते, ही समजूत मात्र टिकणारी नाही. धुराचे कण इतके सूक्ष्म असतात, की जमिनीतून निघणारे दीर्घ तरंगलांबीचे प्रारण (उष्णतेचे अदृश्य किरण) ते फारसे अडवीत नाहीत. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा. उलट दाट धुरामुळे सकाळचे ऊन बागेत उशिरा पोचते.

निरभ्र, निवांत रात्री थंड हवा जमिनीलगत साचते व तिच्यावर तुलनेने उबदार थर राहतो. सु. १० मी. उंच मनोऱ्यावरील पंखे ही हवा खाली ओढतात. वाऱ्यासह येणाऱ्या थंडीच्या लाटेत असा थर नसल्याने पंख्यांचा उपयोग होत नाही.

तुषार सिंचन, म्हणजे झाडांवर पाण्याचा फवारा मारणे, सर्वांत परिणामकारक, पण तितकेच जोखमीचे. १ ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते व ती फुलाला मिळते, तर तेवढ्याच पाण्याच्या बाष्पीभवनास सु. ६०० कॅलरी लागतात. म्हणजे उडून जाणाऱ्या प्रत्येक ग्रॅममागे सु. साडेसात ग्रॅम पाणी गोठले, तरच तोटा भरून निघतो. हवा कोरडी असली किंवा पंप मध्येच बंद पडला, तर ओले फूल भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. न भिजविलेले झाड त्यापेक्षा बरे. म्हणून सकाळी बर्फ वितळू लागेपर्यंत फवारा चालू ठेवावा लागतो. जर्मनीतील आल्टेस लांट व इटलीतील दक्षिण टिरोल येथे पारदर्शक बर्फाने मढलेल्या फुलांच्या बागा यामुळेच दिसतात.

सूडोमोनास सिरिंजी या जीवाणूमुळे फुलांवर बर्फस्फटिक लवकर तयार होतात. ही क्षमता काढून टाकलेल्या त्याच्या प्रकाराची क्षेत्रचाचणी १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात झाली.

महाराष्ट्रात निफाड परिसरातील द्राक्षबागायतदार हिवाळ्यात बागेत शेकोट्या पेटवतात व पहाटे पाणी सोडतात. तेथे बहुधा बहर नव्हे, तर मणी जपायचे असतात.