कॅसिनोच्या हवेत जादा ऑक्सिजन सोडतात का?

'मोठ्या कॅसिनो रिसॉर्टमध्ये लोकांना झोप येऊ नये म्हणून हवेत ऑक्सिजन सोडतात' हा मेसेज अनेक वर्षं फिरतोय. तिथे रात्री दोनलाही तरतरी वाटते, त्यामुळे तो पटतोही. पण तसं होत नाही.

साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो. तो थोडा जरी वाढला तरी आग चटकन लागते आणि झपाट्याने पसरते. 23.5 टक्क्यांच्या पुढची हवा सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याची धरतात. सगळीकडे गालिचे, गाद्यांच्या खुर्च्या, कित्येक ठिकाणी तर टेबलावरच ॲशट्रे. अशा हॉलमध्ये कोणता मालक हा धोका पत्करेल? शिवाय आतली हवा सतत बाहेर काढली जाते, म्हणजे सोडलेला ऑक्सिजन टिकणारही नाही.

आणि सोडला तरी त्याचा फारसा उपयोग नाही; बोटाला ऑक्सिमीटर लावून बघा. निरोगी माणसाच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा साध्या हवेतच साधारण 95 ते 100 टक्के दिसतो, वाढायला फारशी जागाच नसते.

मग जाग कशाने राहते? गार हवा, झगझगीत दिवे, मशिनांचे आवाज, आणि जेवण, शो, स्विमिंग पूल, खोली सगळं एकाच छपराखाली. बहुतेक हॉलमध्ये भिंतीवर घड्याळही नसतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त परिणाम त्याचाच होतो.